सव्वीसची कंबर

लाइट येईपर्यंत ऐका, आणि ते मोबाइल आधी खिशात टाका. कोपऱ्यावरचा शिंपी तुम्हाला ठाऊक आहे ना, चाकाच्या खुर्चीत बसून काजं करणारा? स्वतःची कंबर चव्वेचाळीस, आणि दुनियेला जाडेपणावरून चिडवणारा! त्याची ही गोष्ट. इस्पितळात त्यानेच मला सांगितली.

त्याच्या बायकोला दिसत नव्हतं. एका संस्थेने तिला कंबरेचा पट्टा दिला होता, सगळीकडून सेन्सर बसवलेला. भिंत, माणूस, काहीही जवळ आलं की पट्टा त्या बाजूला थरथरायचा. जिकडे तो गप्प, तिकडे वाट मोकळी. पट्टा सैल होता म्हणून शिंप्याने जादा भाग कापून तिच्या सव्वीसच्या कंबरेला पक्की टीप मारून दिली. तेवढं मात्र मनापासून केलं हो.

पुढे गडी खोडीला लागला. दुकानात गिऱ्हाईक असलं की चोरपावलांनी तिच्या वाटेत उभा राहायचा. ती डावीकडे वळली की हा डावीकडे. "कोण आहे? अहो, तुम्ही का?" ती विचारायची. हा तोंडावर हात धरून हसायचा.

एका संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. एका बाजूचा कठडा दुरुस्तीसाठी पाडला होता. याने तिला सांगितलंच नव्हतं. हा जिन्याच्या दारात जाऊन उभा राहिला. पट्टा थरथरला, ती वळली. पट्ट्याला समोरची भिंत कळते. जमीन संपलेली कळत नाही.

"गंमत करत होतो," तो मला म्हणाला. लोकांना त्याने सांगितलं, पाय घसरला. ती गेल्यावर पट्टा खुंटीला टांगून ठेवला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे साडेअकरा. टाकी भरून वाहत होती, म्हणून तो गच्चीवर कॉक बंद करायला गेला. कॉक फिरवला आणि लाइट गेली.

तो जिन्याकडे वळला. कंबरेला काहीतरी थरथरलं.

हात लावला. पट्टा!

ओढला. निघेना. समोर थरथर. डावीकडे वळला... थरथर. उजवीकडे... थरथर.

"कोण आहे?"

...

"अगं... तू का?"

फक्त, तोंडावर हात धरून कुणी हसावं, तसं...

एकच बाजू गप्प. कठडा अजून बांधलेला नव्हता. त्याला ते माहीत होतं. पण आता थरथर पाठीला. जवळ. आणखी जवळ...

त्याने पाऊल टाकलं.

जीव वाचला, कंबरेखालचं सगळं गेलं. पट्टा मांसात रुतला होता. डॉक्टरांनी तो कात्रीने कापून काढला. तुकडे नर्सने माझ्या हातात दिले. शिंप्याची टीप जशीच्या तशी, एक धागा उसवलेला नाही. घरी येऊन तुकडे जोडून मोजायची टेप लावली.

सव्वीस.