तिरपी दारं

जपानमधल्या ताकायामातलं आमचं लाकडी घर नदीकडे कललं होतं. बाबा दारं बनवायचे. घर कलेल तशी ते आमच्या सरकत्या दारांची कड रंध्याने तासून घेत. त्यामुळे तिरप्या खांबालाही दार घट्ट मिटायचं. बाबा थंडीत गेले. बर्फ वितळल्यावर भूकंपात टिकावं म्हणून मी घर मजबूत करायला काढलं. पुढच्या मोठ्या धक्क्यात ते आईसकट नदीत गेलं असतं.

आईला पटलं नाही. "सरळ घरात त्यांना झोकांडी जाईल गं."

"आई, बाबा आता नाहीत."

"मला सांगतेस?"

ती मावशीकडे राहायला गेली. परत येईन, असं काही म्हणाली नाही.

कुराता मिस्त्रींनी तारा ताणून, जॅक लावून घर उभं केलं. भिंतींत जाड फळ्या बसवल्या, खांब एकमेकांना आडव्या लाकडांनी बांधले. घर सरळ झालं आणि एकही दार नीट लागेना. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर फट.

"नवीन करावी लागतील, ताई. रंधा लाकूड काढतो, लावत नाही."

मला ती टाकवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघराचं दार घट्ट मिटलं. मिस्त्रींनी कडेवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. जोड नव्हता. जुन्या लाकडाच्या रेषा अखंड वरपर्यंत गेल्या होत्या.

"आईंना सांगू नका," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

मग जिन्याचं दार लागलं. मग कोठीचं. मी भ्यायला हवं होतं. मी सकाळची वाट पाहू लागले.

शेवटी आईला सांगितलंच. ती त्याच दुपारी बोचकं घेऊन आली. तिच्या खोलीच्या दाराला अजून फट होती.

"हे राहिलंय हं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

सकाळी ते मिटलं.

आठवड्याभराने, भर दुपारी, जमीन हलली. आई स्वयंपाकघरात सूप ढवळत होती. खांब करकरले, घर डोललं.

आईच्या खोलीचं दार निखळेल म्हणून मी धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं.

"सोड, चिझू," आई चुलीपाशीच उभी राहून म्हणाली. "त्यांनी धरलंय."

मी हात सोडले.

घरभर भांडी वाजत होती. दार वाजत नव्हतं.