ट्राय करतो

उन्हाळी धानाला पाणी मागायला हर्षिता पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेली, तो तिच्या उपासाचा सोमवार होता. बाबांचे, नत्थूलालांचे गुडघे दुखायचे, म्हणून अर्ज तिच्या हाती. समोर नवा कालवा निरीक्षक योगराज.

"इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याच्या आमच्या टोकापर्यंत कधी येईन जी?"

त्यानं वर पाहिलं. डोळे हसरे, ओठ मात्र सावध.

"ट्राय करतो."

हर्षिताच्या अंगाची लाहीलाही झाली. शिंपी ट्राय करतो म्हणाला की ब्लाउज दिवाळीनंतर. मिस्त्री म्हणाला की मोटार गेली. डॉक्टर म्हणाला की नातेवाईक बोलवा. आणि साहेब म्हणाला तर... विसराच!

पण चौथ्या दिवशी पाणी आलं. पोटरीभर चिखलात उभं राहून कालव्यातला कचरा उपसणारा माणूस योगराजच होता. तिनं त्याला पाणी प्यायला दिलं, त्यानं तांब्या परत देताना उगाच वेळ लावला... आणि मग दर आठवड्याला तिच्या बांधावर कालव्याची तपासणी होऊ लागली.

चैत्रात बिरसीचे पाहुणे तिला पाहायला येणार असं ठरलं.

"शुक्रवारी येऊन राहिले ते," ती म्हणाली. "त्याच्या आधी बाबाले विचारसाल?"

"ट्राय क—"

"मी का कालव्याचं पाणी आहो? हो म्हणाले तोंड दुखते तुमचं?"

त्यानं बांधावरची माती पायानं दाबली. "दोन वर्साखाली, पहिलेच्या गावी, शालीकरामभाऊले पाण्यासाठी हो म्हटलं होतं. वरच्या गावानं पाणी अडवलं. त्याचा धान उभा वाळला, हर्षिता. तेव्हापासून हो म्हणाचं भेव वाटते."

तिचा राग अर्धा विरघळला. अर्धाच.

"भेव तुमचं, अन् लगन माझं होऊन राहिलं बिरसीले!" म्हणत ती तरातरा निघून गेली.

गुरुवारी सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती, तर दारात योगराज आणि मागं त्याचे वडील. ओसरीत चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेवटी नत्थूलालांनी चष्मा पुसत विचारलं, "माह्या पोरीले सुखात ठेवसाल?"

दाराआड हर्षितानं कान लावला. योगराजचे ओठ हलले...

"हो."

"काय म्हणते?" नत्थूलालांनी कान पुढं केला.

"अजी, जरा मोठ्यानं बोला ना!" आतून हर्षिता वैतागून ओरडली. "बाबाले कमी ऐकू येते!"