स्पॅनिश नळीतली गोळी

"कापून टाकू. बैठकीत दिव्याचा खांब होईल," म्हणत व्हर्लिनकाकानं ऑर्व्हलआजोबांची ठासणीची बंदूक टेबलावर ठेवली. नाताळच्या सुट्टीला अमेरिकेतल्या मिझुरीच्या या टेकड्यांवर आलेली ट्रेसा, तिची धाकटी बहीण जूनी आणि काकाचा मुलगा लॉय तिथंच कोको पीत होती.

काकाचं म्हणणं एकच. शनिवारी वीस पावलांवर हरीण होतं, चाप ओढला, नुसती ठिणगीची टोपी फुटली, गोळी सुटलीच नाही. स्पेनचा स्वस्त माल, दुसरं काय!

आजोबांनी बंदूक स्वतःकडे ओढली. खोक्यातून आलेले सुटे भाग त्यांनीच जुळवले होते, लाकडी दस्ता आजीनं महिनाभर घासला होता. आजी आता नव्हती.

मोठी माणसं चुकली की आधी परका देश शोधतात.

"कापायच्या आधी खालून तरी बघू या," ट्रेसा म्हणाली. आजोबांनी टोपी नसल्याची खात्री करून खीळ काढली, नळी उचलली. खाली बारीक ठसे होते. लॉयनं भिंग आणलं. हा स्पेनमधल्या चाचणीघराचा ठसा, आजोबांनी सांगितलं. बंदुकीची दारू जास्तीची ठासून उडवतात, नळी टिकली तरच तिच्यावर तो मारतात.

"ठसा चाटायचाय का? उडाली नाही ना," काका फिस्कारला.

"मग नळीत ठासायचा गज घालून बघा," जूनी म्हणाली.

आजोबांनी नळीचं तोंड छताकडे धरून गज आत सोडला. गजावर दोन खाचा होत्या. नळी रिकामी असली की वरची खाच तोंडाशी येते, नीट भरलेली असली की खालची. आज तोंड दोन्हींच्या मध्ये होतं. ट्रेसानं वरच्या खाचेपासून बोटानं अंतर मोजलं. जेमतेम एका गोळीएवढं.

"काका, गोळी ठासलीत. त्याआधी दारू ओतलीत का?"

"म्हणजे काय, ओतलीच!"

"बाबा, शनिवारचं जाकीट हेच ना? खिसा दाखवा," लॉय म्हणाला.

काकाच्या हाताला मोजून भरलेली दारूची नळकांडी लागली. बूच तसंच. हरीण दिसल्याच्या घाईत राहून गेली होती. त्याची मान लाल झाली.

"चूक माझी, बाबा," तो हळूच म्हणाला.

"मला वाटलं, मीच वाकडी जुळवली," आजोबा म्हणाले. "चार दिवस हेच हात बघत बसलो होतो." त्यांनी ते हात तिघांच्या खांद्यांवर ठेवले. "शाबास, पोरांनो. कापायची का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं."