पहिल्या वर्षाची गाडी

ती गाडीखाली आडवी होती, त्यामुळे तिला आधी त्याचे फक्त बूट दिसले. एकाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी.

"ही गाडी... चांगली आहे का हो?" वरून आवाज आला.

"नाही," ती खालूनच म्हणाली.

गिऱ्हाइकांना जुन्या गाड्या तपासून देणं हे तिचं काम. जुन्या गाड्यांच्या बाजारातले दलाल तिला नकारघंटा म्हणत आणि तिला ते आवडायचं. ती बाहेर सरकली, तर समोर चष्म्याचा दुकानदार – जगाला नीट दिसावं म्हणून झटणारा आणि स्वतःच्या नाड्यांचा पत्ता नसलेला. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या आत्याची कंबर धरली होती. लहान गाडीतले धक्के तिला सोसत नव्हते आणि लांबच्या गावी आत्याची धाकटी बहीण वाट बघत होती. म्हणून मोठी, आरामशीर गाडी हवी होती, जुनी का असेना.

"नवं मॉडेल आलं की पहिल्या वर्षाची गाडी घ्यायची नाही," तिने हात पुसत बजावलं. "गिअर झटके देतात, काचा अडकतात. कंपनीही शिकतच असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत चुका निस्तरतात, तेव्हाची घ्या."

"आणि पहिल्या वर्षाची ज्याने घेतली, त्याने?"

"भोगावं."

तो हसला... जरा जास्तच छान हसला. माणसांच्या बाबतीतही तिचा हाच नियम होता, म्हणून ती आजवर कुणात अडकली नव्हती.

मग दर रविवारी तो आणखी एखादी जुनी गाडी हेरून यायचा आणि ती नाही म्हणायची. दोघं आत बसायची, दार लागलं की बाहेरचा गलका विझायचा. जुन्या चामड्याचा उबदार वास, छताच्या काचेतून त्याच्या मनगटावर उतरलेलं ऊन... ती इंजिनाला कान लावायची आणि ऐकू यायचा त्याचा श्वास.

"काही आवाज येतोय?"

"येतोय," म्हणत ती उगाचच बॉनेट उघडायला उतरायची.

आणि एक दिवस हवी तशी गाडी तिलाच सापडली. चौथ्या वर्षाची, एकाच मालकाने जपलेली. पण गाडी मिळाली की तो कशाला येईल? ती गप्प बसली. पुढच्या रविवारी तो सहज म्हणाला, "धाकटीला भेटायचं राहूनच जाईल, असं आत्या म्हणते." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने त्याला आत्याला घेऊन यायला सांगितलं. गाडी इतकी अलगद निघाली, की पहिल्याच वळणावर मागे आत्याचे डोळे मिटले.

"ही मला मागेच सापडली होती," ती हळूच म्हणाली. "मी लपवली."

त्याने गाडी कडेला घेतली. "का?"

"तुम्ही घेऊन गेला असतात... आणि मग आला नसतात. चुकलंच माझं."

तो स्टिअरिंगवर बोट फिरवत राहिला. "मी तरी कुठला साधू? पहिल्या वर्षाच्याच गाड्या शोधून आणत होतो. तुम्ही नाही म्हणावं म्हणून."

तिचे कान तापले.

"आपलंही पहिलंच वर्ष असेल," तो म्हणाला. "खडखड होईल, कुठेतरी अडकेल. तुमच्या नियमात बसत नाही... तरी चालेल?"

तिने तोंड उघडलं, पण सवय नसलेला शब्द ओठांशीच थांबला.

"हो म्हण गं बाई," डोळे न उघडता आत्या म्हणाली. "तुमच्या दोघांपायी माझी कंबर गेली."

"हो," ती म्हणाली आणि त्याच्या मनगटावरच्या उन्हावर हात ठेवला.

"झालं ना? मग चला आता," आत्या म्हणाली. "धाकटी वाट बघतेय."