वर आल्याची हाक

हंगाम सरला की रुईच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसची दुरुस्ती निघते. नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. अमडापूरच्या वाटेवरच्या एका प्रेसचा मॅनेजर रंगराव यानं निरोप धाडला, म्हणून जानराव फिटर वैशाखातल्या एका सकाळी चिखलीहून सायकलनं निघाला. कॅरिअरला पान्यांची पिशवी, ग्रीसचा डबा आणि कातडी वायसरांची गुंडाळी. काम नेहमीचंच. पंप खोलायचा, दट्ट्या पुसायचा, पेटीच्या फळ्या ठोकून बघायच्या, एकदा चालवून दाखवायचं आणि परत यायचं.

फाटकाच्या अलीकडे बाभळीखाली सिंधूताई बसली होती. फिटर आपल्यातला आहे, एवढं ऐकून ती आली होती. जयभीम झाला. मग तिनं सांगितलं. तिचा नवरा दयाराम या प्रेसवर रुई तुडवायच्या कामाला होता. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत एका दुपारी कामावर आला, तो घरी गेलाच नाही. रंगराव म्हणाला, पळाला. पोलीस पाटील म्हणाला, मॅनेजर म्हणतात तर पळालाच असेल. रुईची एक गठाण हरवली असती तर तालुक्याचा फौजदार जीप घेऊन आला असता. माणूस हरवला, तर त्याच्या बायकोलाच उलट विचारलं, घरात भांडण झालं होतं का.

"मले कोनाकून काही नको, भाऊ," ती म्हणाली. "तो हाये का नाही, तेवढं सांगा. कुंकू ठेवू का पुसू, येवढं तरी मले कोनी सांगावं का नाही?"

जानराव म्हणाला, सांगतो. संध्याकाळी तुमच्या घरावरून जातो. अशा कामात असा शब्द देऊन बसू नये, हे त्याला फाटकातून आत गेल्यावर सुचलं.

प्रेस दोन मजली होती. वरच्या फळ्यांच्या मजल्यावर पेटीचं तोंड, आणि पेटी खाली विहिरीसारखी उतरलेली. त्यात रुई टाकायची, दोघा-तिघांनी आत उतरून पायांनी तुडवायची, वर यायचं, झाकण लोटायचं. मग खालचा प्रेसवाला पंप चालू करतो, दट्ट्या उठतो, रुईची दगडासारखी गठाण होते. बारदान चढतं, लोखंडी पट्ट्या पडतात. खालच्या माणसाला वरचं काही दिसत नाही. म्हणून रीत अशी, की शेवटी वर येणाऱ्यानं झाकण लोटून आपलं नाव घेऊन हाक द्यायची. 'दयाराम वर!' नावाशिवायची हाक धरायची नाही. नाव ऐकल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. तपासणीवाले आधी नागपूरहून येतील म्हणत, आता मुंबईहून येतील म्हणत. येत कुठूनच नव्हते. माणसं त्या हाकेवर जगत होती.

आत पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन कोंडलं होतं, तरी उजेड नव्हता. खिडक्यांच्या जाळ्यांवर रुईची लव बसून बसून पडदे झाले होते. जळक्या तेलाचा वास, शिळ्या सरकीचा वास, आणि पेटीच्या तोंडाशी गेलं की तिसराच एक, गोडसर. जानरावनं तो मेलेल्या उंदराचा धरला.

प्रेसवाला किसनराव पंपाजवळ उकिडवा बसला होता. पंप खोलताना त्यानं मदत केली, पण पेटीकडे पाठ करून. दयारामचं नाव निघालं तसा त्याचा हात थांबला. हळूहळू, तुटक तुटक त्यानं सांगितलं. बाकीचे तुडवणारे खाली आले होते, दयाराम एकटाच मागे होता. हाक आली होती. नाव घेऊन आली होती. म्हणून त्यानं पंप चालू केला. गठाण बाहेर निघाली तेव्हा रंगरावनं सगळ्यांना घरी धाडलं. त्या गठाणीला एकावर एक दोन बारदानं चढवली आणि वजनकाट्याला न लावताच ट्रकमध्ये टाकली.

"ती हाक त्याचीच व्हती, मिस्त्री," तो पुटपुटला. "त्याचाच आवाज... पन वर कोनी नव्हतं."

जानरावला हे पटलं नाही. घाईत हाकेआधीच पंप चालू केला असणार, आणि आता आपलं पाप भुताच्या माथी मारतो आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. मॅनेजरच्या तालमीत तयार झालेला माणूस दिसतो, असंही वाटलं. त्याला खरं काढायचं होतं.

पंप जोडताना त्यानं तेलाचा दाब सोडणारी सुटकेची चावी गुपचूप अर्धी उघडी ठेवली. आता दट्ट्या वीतभर उठला असता आणि आपोआप खाली बसला असता, त्याहून जास्त नाही. मग किसनरावला म्हणाला, मी पेटीत उतरून फळ्या बघतो, वर आलो की रीतीप्रमाणे हाक देतो, तेव्हाच पंप चालू कर. हाक द्यायचीच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पेटीत मुकाट बसायचं आणि बघायचं, हा माणूस किती वेळ कळ काढतो.

तो उतरला. पेटी रिकामी होती. फळ्या हाताला गुळगुळीत लागत होत्या, खालच्या बाजूला मात्र चिकट. वर चौकोनी उजेड. खाली इंजिनाचा पट्टा नुसताच फिरत होता, फट् फट् फट्. जानराव कोपऱ्याला टेकून बसला. घाम मानेवरून उतरत होता. किसनराव खोकला. पंप काही चालू झाला नाही. बराच वेळ गेला. हा माणूस खोटा नाही की काय, असं जानरावच्या मनात येतं न येतं, तोच वरच्या फळ्या करकरल्या.

कोणीतरी चाललं होतं. घाई नव्हती. पेटीच्या तोंडाशी येऊन ते थांबलं. उजेडात कोणाचं डोकं दिसलं नाही, सावली पडली नाही. झाकण मात्र सरकत सरकत आलं आणि बसलं. काळोख झाला.

आणि वरून हाक आली.

"जानराव वर!"

आवाज जानरावचा स्वतःचाच होता. 'जा'वर जरा जोर देण्याची त्याची सवयही त्यात होती. जानरावनं ओरडायला तोंड उघडलं. पण त्याच्या धापा वर झाकणापलीकडून, त्याच्याच आवाजात ऐकू येत होत्या. त्याच्या स्वतःच्या तोंडून काही निघेना...

पायाखाली दट्ट्या हलला. वीतभर उठला. थांबला. मग तेलाचा सुस्कारा टाकून खाली बसला.

त्यानं खांद्यानं झाकण उचललं. ते हलकंच निघालं. वर कोणी नव्हतं. खाली उतरायला एकच जिना, तो किसनरावच्या पुढ्यात संपतो. किसनराव पंप बंद करून उभा होता.

"तुम्हीच आवाज देल्ला ना?" त्यानं विचारलं. "मिस्त्री... तुम्हीच ना?"

जानरावनं त्याचा हात धरला.

ऑफिसात रंगराव पंख्याखाली बसून चहा पीत होता. जानरावनं त्याला सगळं तोंडावर सांगितलं. दयाराम पेटीत मेला, तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही त्याला बारदानात गुंडाळून पाठवलात. आणि ही प्रेस मी चालू करून देणार नाही. रंगराव चिडला नाही. बशीतला चहा संपवून म्हणाला, "दुसरा फिटर येईल. आणि कसली भानगड म्हणता, मिस्त्री? तुमची हाक तर मी इथं बसून ऐकली. स्वच्छ तुमचाच आवाज. तुम्ही पेटीत होता, हे कोण खरं मानेल?"

जानरावनं पिशवी उचलली. किसनराव फाटकापर्यंत आला, पण पोलिसात बोलायला येशील का, म्हटल्यावर फाटकाशीच मागे वळला. त्याला चार लेकरं होती. जानरावला त्याचा रागही येईना.

सिंधूताईच्या घराशी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. वाटभर त्यानं शब्द जुळवले होते. हे घाव घालणारं सांगणं होतं, पण खरं होतं, आणि तिला आजवर खरं कोणी सांगितलं नव्हतं.

दार ओढून घेतलेलं होतं. त्यानं कडी वाजवली. तिनं दार हातभर उघडलं. कपाळावर कुंकू नवं, ठसठशीत, आत्ताच लावलेलं. चेहऱ्यावर सकाळची मरगळ नव्हती. मग तिनं त्याला नीट पाहिलं आणि तिचं हसू विरत गेलं.

"ताई," जानराव म्हणाला, "दयाराम गेला. प्रेसमध्येच गेला. मी स्वतः..."

"आता दोन बाता काऊन करून राह्यले तुम्ही?" ती एकदम हळू बोलली. "घडीभरापूर्वी तर म्हनले, तो पयाला, जिता हाये, सुरतेकडं कोनी पाह्यला. ताई, कुंकू ठेवा, म्हनले."

"कोण म्हणालं?"

तिनं मान वळवून घरात पाहिलं, चुलीच्या बाजूला. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मग परत आत. दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांत ओळख होती, आणि दुसऱ्या वेळी भीतीही.

"ताई, बाहेर या," जानराव म्हणाला. "आहात तशा बाहेर या..."

ती एक पाऊल मागे सरली. दार लागलं. आतून कडी पडली.

त्यानं दारावर दोन्ही हात टेकले. आत कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. मग कोणीतरी समजुतीच्या सुरात, अगदी दाराजवळ येऊन, तिला म्हणालं,

"उघडू नका, ताई. तो मी नव्हे."

'मी'वर तसाच जरा जोर होता.