बायोडाट्याचा फोटो

लेण्याद्रीच्या पायथ्याशी तेजस्विनी दहा मिनिटं कॅमेऱ्याशी झटापट करत होती. नवाकोरा कॅमेरा, घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. पडदा काळाठिक्कर! हे बटण दाबून झालं, ते चाक फिरवून झालं, माहितीपुस्तकातली चार पानं उभ्या उभ्या वाचून झाली... छे! तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, झाकण काढा की."

लेन्सवरचं झाकण जिथल्या तिथं होतं. आणि मागे उन्हानं रापलेला एक उंच तरुण, म्हाताऱ्या आत्याचा हात धरून, हसू दाबायचा प्रयत्न करत उभा होता. तोही मनापासून नाही.

"माहीत होतं मला," तेजस्विनी फणकारली.

"व्हय, दिसतंय ना."

"आणि ताई कुणाला म्हणता? नाव आहे मला. तेजस्विनी."

"लई मोठं हाय राव... तेजू चालंल?"

पहिल्याच भेटीत एवढं धाडस! तिला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू.

तो गोरख. निमगाव सावाचा, घरची टोमॅटो-कांद्याची शेती. बाकीची माहिती गोजरआत्यांनी न विचारता पुरवली. "तीस वर्षांचा झालाय बघ. नऊ ठिकाणी बघितलं. शेतकरी म्हणलं की पोरी नाय म्हणत्यात. त्यात याचा त्यो फोटो!"

आत्यांनी मोबाईलवर बायोडाटा दाखवला. डोळ्यांवर काळा गॉगल, खाली दुसऱ्याची बुलेट, मागे स्टुडिओतला निळा पडदा. तेजस्विनीला हसू आवरेना.

"हसती काय? एवढा मोठा कॅमेरा हाय तुझ्याकडं, तूच काढ की एखादा चांगला," आत्या म्हणाल्या.

तेजस्विनी घोडेगावला पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसायची. रविवार तेवढा तिचा स्वतःचा. तो आता गोरखच्या नावावर झाला. पहिल्या रविवारी, लेण्याद्रीलाच, फोकस त्याच्याऐवजी मागच्या शेळीवर बसला. दुसऱ्या रविवारी उजेड इतका जास्त झाला, की गोरखचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा आला. तिसऱ्या रविवारचा फोटो खरं तर बरा होता. तरी ती म्हणाली, "ऊन नीट नाही आज. पुढच्या रविवारी ये."

"ऊन तर झकास पडलंय की."

"फोटोग्राफर कोण आहे?"

"तूच बाई. म्हणून तर येतोय मी..."

पुढचं तिनं विचारलं नाही. प्रेमात पडलेली माणसं नको तिथं इतकी शहाणी का होतात, देव जाणे.

चौथ्या रविवारी ती त्याच्या शेतावर गेली. तारेवर चढवलेल्या टोमॅटोच्या ओळींमध्ये उतरतं ऊन शिरलं होतं. गोरख तिथंच उभा राहिला.

"इकडं बघ."

"कुठं? कॅमेऱ्यात, का तुझ्याकडं?"

"माझ्याकडं..."

त्यानं पाहिलं. तिनं बटण दाबलं.

पडद्यावर तिच्या आयुष्यातला पहिला खराखुरा चांगला फोटो उमटला होता. डोळे लख्ख, गालाच्या कडेला सोनेरी ऊन. गोरख तिच्या खांद्यामागून वाकून बघत होता. त्याच्या शर्टाला टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास येत होता आणि तिला तोही आवडत होता.

"तेजू... हा पाठवू का बायोडाट्याला?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"पाठव की! किती चांगला आलाय! फोकस बघ ना, बरोबर डोळ्यांवर!"

नेमका त्या वेळी तिला फोकसच दिसला. पहिलं यश डोक्यात गेलं होतं तिच्या. "बरं," एवढंच गोरख म्हणाला, आणि ती फोटो मोठा करून बघण्यात गुंग राहिली.

निघण्याआधी तिनंच तो फोटो त्याच्या मोबाईलवर पाठवून दिला. परतीच्या एसटीत त्याच्या प्रश्नाचा अर्थ तिच्या ध्यानात आला. 'नको पाठवू' असं तिनं मोबाईलवर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. रविवारी समोरासमोर सांगू, असं तिनं ठरवलं.

रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, लेण्याद्रीलाच, एकटा.

"जमलं माझं," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "मंचरकडची हाय. वैजयंती."

"इतक्यात?"

"पोरीला फोटो लई आवडला. असा बघणारा माणूस असंल तर शेती चालंल, म्हणली घरात."

तेजस्विनीचं ऑफिसातलं शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेलं.

"गोरख, तवा तू माझ्याकडं बघत व्हतास."

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"इचारलं की! पाठवू का म्हणून इचारलं." त्याचा आवाज चिरकला. "तू नोकरीवाली. नऊ जणींनी नाय म्हणलेल्या माणसानं अजून कसं इचारायचं?"

"मला नको म्हणायचं व्हतं. मला तू पायजे व्हतास... अजून पायजेस."

गोरखनं तोंड फिरवलं.

"परवा सुपारी फुटली, तेजू. तिनं मैत्रिणींना पेढे वाटल्यात. आता मी मोडलं तर गाव तिलाच नावं ठेवंल. आपण दोघं गप बसलो, त्यात तिचा काय गुन्हा?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तिला त्याचा भयंकर राग आला. स्वतःचा तर त्याहून जास्त.

तिनं कॅमेरा चालू केला. गोरखचा एकेक फोटो पडद्यावर आणून ती पुसू लागली.

"काय करती?"

"कार्डावर जागा करते."

होता होता शेतातला तो एकच उरला. गोरखनं पहिल्यांदाच तिच्या हातावर हात ठेवला.

"एवढा राहू दे, तेजू. तुझा पहिला चांगला फोटो हाय."

तेजस्विनीनं त्याचा हात हळूच बाजूला केला.

"मी कशाला ठेवू? तो तिच्याकडं हाय की," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.