घोडमाथ्यावर फेकलेला दात

घोडमाथ्यावरून देवळाली प्रवरेकडच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसतं, असं सहादेवआबा एकदा बोलून गेले आणि फसले!

दिवाळी उरकताच त्यांचा मुलगा अंगद आणि सून पूजा कोयते घेऊन तिकडं ऊसतोडीला गेले होते. आठ वर्षांची जया शाळेपायी आबांपाशी राहिली होती. आईचा आवाज फोनवर रोज यायचा, पण आवाजाच्या कुशीत काय शिरता येतं? पोरगी रोज भुणभुण लावायची, "आबा, धुराडं कवा दाखवता?" मागच्या वर्षी आबांनी तिला थेट आईकडंच नेलं होतं. परत निघताना ती आईला सोडेना. शेवटी दोन बायांनी ओढून काढली. त्या दिवशी आबांनी कानाला खडा लावला, पुन्हा हिला तिकडं न्यायचं नाही. त्यापेक्षा डोंगर बरा, तिथून फक्त बघायचं असतं.

पौषातल्या एका रविवारी दोघं निघाली. गर्भगिरीची रांग लांबून बोडकी दिसते, पण आत शिरलं की ती काय चीज आहे ते कळतं. करवंदीच्या जाळ्या अंगाला झोंबत होत्या, घायपाताची टोकं पोटऱ्या ओरबाडत होती, आणि पायाखालचा मुरूम धड उभं राहू देत नव्हता. पावसाळ्यात वाहून गेलेल्या वाटेच्या जागी पुरुषभर खोल ओघळ पडला होता. त्यात उतरून पुन्हा वर चढताना आबांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला, तेव्हा जयाच त्यांना मागून ढकलत होती. पुढं वाटेवर बिबट्याची विष्ठा दिसली. आबांनी काठी आपटत, मोठ्यानं खाकरत चाल धरली.

माथा हाकेच्या अंतरावर आला आणि जयाला दम निघेना. ती धावली. मुरूम सरकला. तोंड दगडावर आपटलं!

ओठातून रक्ताची धार लागली. वरचा पुढचा दात अख्खा मुळासकट बाहेर पडला होता. आबांनी आपला पंचा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून तिला चावून धरायला दिला. दात उचलला, आणि सवयीनं हात वर गेला की! पडलेला दात छपरावर फेकायचा, म्हणजे नवा लवकर येतो. जयाचे आजवरचे सगळे दात त्यांनीच घराच्या पत्र्यावर फेकले होते. इथं पत्रा नव्हता, म्हणून त्यांनी तो वरच्या कपारीवर भिरकावला.

"आबा," जयानं पंचा काढला, "त्यो दुधाचा नव्हता. पक्का हुता. आता परत येनार न्हाई."

आबांनी कपाळावर हात मारला.

"शाळेत दाताच्या डॉक्टरीनबाई आल्त्या. पक्का पडला तर दुधात ठेवायचा म्हनल्या. मुळाला हात लावायचा न्हाई, पुसायचा न्हाई. आन तासाच्या आत दवाखाना."

आबांनी वर पाहिलं. कपारीच्या छताला आग्या मोहोळ लटकलं होतं, चांगलं सुपाएवढं!

"जये, पार खाली त्या बोरीपाशी जाऊन बस. हलू नगंस."

ते चढले. मोहोळाखाली पोटावर सरपटले. वाळलं गवत बोटांनी विंचरलं. खडा. पुन्हा खडा. एक माशी मानेवर बसली. डसली! आबांनी हात उचलला नाही. एक माशी मारली की सगळं मोहोळ उठतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरी कानामागं डसली. डोळ्यांत पाणी आलं. आणि भेगेतल्या कुसळांत पांढरं काही दिसलं. आबांनी तो दात पांढऱ्या टोकाला चिमटीत धरला.

मान वर केली तर समोर, पार क्षितिजाशी, धुराची बारीक रेघ उभी होती. लेक आणि सून त्या रेघेखाली होती. आबांना वाटलं, हाक मारावी.

खाली येताच जयानं विचारलं, "दिसलं का?"

"धूर दिसला."

"आन आई?"

"येवड्या लांबून मानूस दिसत न्हाई, बाळा."

ती माथ्याकडं बघत राहिली. ओठ सुजून वर आला होता. "धाच मिंटं लागतील, आबा. बघून यिऊ. मंग दवाखान्यात जाऊ."

आबांचा जीव तुटला. दोन महिने पोरगी याच दहा मिनिटांसाठी झुरत होती. पण त्यांनी तिचा हात धरला आणि खाली वळवला. ती रडत उतरली, पण उतरली.

ओघळापलीकडं कारभारी धनगराच्या शेळ्या होत्या. आबांनी दूध मागताच त्यानं काही न विचारता जयाच्या स्टीलच्या बाटलीत शेळी पिळली. दात दुधात गेला. कारभारीची मोटरसायकल खाली सडकेला लावलेली होती. शेळ्या कुत्र्याच्या भरवशावर सोडून त्यानं दोघांना पाठीमागं घेतलं आणि पाथर्डीचा रस्ता धरला.

तिथल्या दाताच्या दवाखान्यात डॉक्टर निकितांनी दात अलगद धुऊन जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. "फेकलात ती चूक झाली आबा, पण पुसला नाहीत हे फार बरं केलंत. टिकेल का ते आज नाही सांगता येत. दोन आठवडे तार राहील, आणि खायला फक्त मऊ द्या."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून जयानं आईला फोन लावला, दाताचं सांगितलं. दुखतंय का, असं आईनं विचारलं. "न्हाई," ती म्हणाली, एकदम हसऱ्या आवाजात. तेवढ्यात तिकडं उसाची गाडी भरायला हाक आली आणि फोन बंद झाला. मग मात्र पोरीनं आबांच्या धोतरात तोंड खुपसलं.

माशा डसून मानेवर उठलेल्या गांधी ठणकत होत्या. आबा बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. परत आणताना पोरगी रडेल, याच भीतीनं आपण तिला इथं दोन महिने रडवलं, हे त्यांना आता कळत होतं.

"ऊठ," ते म्हणाले. "देवळालीची यष्टी कवा हाय, इचारून यिऊ."

जयानं धोतरातून तोंड वर काढलं.

"डॉक्टरनी मऊ खायाला सांगितलंय. तुज्या आईसारकी मऊ भाकर मला कुठं जमती?"